तंबू टॉकीजची शेवटची तीन प्रकरणं

शहागंज, औरंगाबाद
९ जून २०२५

प्रिय प्रेरणा,

फोन उचलत नाहीस म्हणून हा मेल लिहितेय. बँकेच्या टेलिफोन बोर्डावर उभी हयात गेली, त्यामुळं माझी बोटं कीबोर्डावर चुकत नाहीत. चुकलीच तर समजून घे. तुझं उत्तर मला फोनमधली बाई वाचून दाखवेल. ती सगळं एकाच सुरात वाचते, लग्नाची पत्रिका काय नि लाइटचं बिल काय. पण तुझा निरोप तिच्या तोंडून आला तरी चालेल.

काल दुसरा रविवार. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आपल्या अंधांच्या पुस्तक-क्लबची नेहमीची मंडळी जमली. पुंजारामभाऊ सोयगावहून पहाटेच्या एसटीनं आले. जावेद स्पीकर घेऊन आला. सगळ्यांनी ती तंबू टॉकीजची कादंबरी ऐकून ठेवलेली, आणि कादंबरी तर अर्धवट. तुझं रेकॉर्ड केलेलं वाचन येऊन थांबलंय कुठं, तर टॉकीजवाल्या म्हाताऱ्याची पळून गेलेली मुलगी तंबूच्या दारात उभी आहे आणि म्हातारा आतून विचारतो, "कोण आहे?" पुढं काहीच नाही. इतक्या वर्षांत तू आम्हाला असं दारात उभं कधी केलं नव्हतंस.

पुंजारामभाऊ म्हणाले, "म्हातारा दार उघडतुया. बाप हाय त्यो." जावेद म्हणाला, नाही उघडणार. दोघांची जुंपली. शेवटी मी म्हटलं, प्रेरणा पाठवेल तेव्हा कळेल.

एक सांगायचं राहिलं. म्हातारा काय वाचलास तू. घोगरा, खरवडलेला, वाक्य संपता संपता हवा संपल्यासारखा. जावेद म्हणाला, मॅडमनी या वेळी कमाल केली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या तुझ्यापर्यंत पोचवते.

तुझी,
अनवरीआपा


लासूर स्टेशन
१४ जून २०२५

आपा, नमस्कार.

माफ करा. घसा बसलाय. दहावीच्या जादा तासांना ओरडून झालं, त्यावर एका लग्नात बर्फाचं पाणी प्यायले. डॉक्टरांनी काही दिवस बोलू नका म्हणून सांगितलंय, म्हणून फोन अभयकडं देऊन टाकलाय. ते आडतीवर गेले की तो कांद्याच्या गोण्यांत वाजत बसतो.

शेवटची तीन प्रकरणं राहिलीत. आवाज सुटला की लगेच करते. पुंजारामभाऊंना म्हणावं, शेवट काय ते मी आधी सांगणार नाही. सांगितलेली गोष्ट वेगळी आणि वाचलेली वेगळी.

म्हाताऱ्याचा आवाज आवडला हे वाचून बरं वाटलं.

तुमची,
प्रेरणा


शहागंज
१५ जुलै २०२५

प्रेरणा,

परवाच्या बैठकीला आम्ही जुनंच एक पुस्तक पुन्हा ऐकलं. तुझी तीन प्रकरणं आली नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. पुंजारामभाऊंनी तुझ्यासाठी शेतातल्या मुगाचे लाडू आणले होते. ते माझ्याकडं ठेवलेत.

आता मी जे विचारतेय त्याचं नीट उत्तर दे.

मधल्या दिवसांत मी टॉकीजची कादंबरी पहिल्यापासून परत ऐकली. म्हाताऱ्याचा घोगरेपणा म्हाताऱ्यापुरता नाहीये. तो मुलीच्या बोलण्यातही आहे. तंबूच्या वर्णनातही आहे. अगदी "प्रकरण नववं" म्हणतेस तिथंही आहे. "प्रकरण नववं" हे म्हातारा म्हणत नाही, तू म्हणतेस. दुसऱ्या प्रकरणात तो नाही, पाचव्यात थोडा आहे, आणि मग वाढतच गेलाय. हे बर्फाच्या पाण्याचं काम नाही.

मी तुझ्या शाळेत फोन केला. क्लार्क म्हणाला, बाई मोठ्या रजेवर आहेत. मला भलतीच फिकीर लागली आहे. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या याचीही.

आपा


लासूर स्टेशन
२० जुलै २०२५

आपा,

तुमच्यापासून लपवायला नको होतं. पण लिहून काढलं की ते खरं होतं, म्हणून लिहीत नव्हते.

घशात गाठ आहे. स्वरयंत्रावरच. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. आता पुढच्या आठवड्यात तुमच्याच गावात ऑपरेशन आहे. स्वरयंत्र पूर्ण काढणार. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं संपलं. नंतर यंत्र लावून घरघर असा काहीतरी आवाज काढता येतो म्हणतात. ते पुढचं पुढं.

डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर का केला? मी म्हटलं, शाळा होती. खरं म्हणजे पुस्तक हातात होतं. आवाज बिघडलाय हे मला चौथ्या-पाचव्या प्रकरणालाच कळलं होतं. वाटलं, एवढं संपवू आणि मग दाखवू. म्हाताऱ्याला तो आवाज शोभत होता. तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा मला सगळं माहीत झालेलं होतं, त्यात तुमचा काही दोष नाही.

पण अभयना तसं वाटत नाही. क्लबचं नाव काढलेलं त्यांना चालत नाही. "लोकांना गोष्टी सांगता सांगता स्वतःचा गळा दिलास," असं एकदा म्हणाले आणि बाहेर निघून गेले. म्हणून दवाखान्यात येऊ नका. आलात तर तुम्ही पलंगाशी बसाल, मला काही बोलता येणार नाही, आणि मी जागी आहे की झोपलेय हेही तुम्हाला कळणार नाही. ते मला सोसवणार नाही.

आणि क्लबात कुणाला सांगू नका. एवढं माझं ऐका. त्यांच्या कानात मी आहे तशी राहू द्या.

तीन प्रकरणं वाचायला काल बसले होते. अर्ध्या पानावर खोकला आला, थांबलाच नाही.

प्रेरणा


शहागंज
२१ जुलै २०२५

प्रेरणा,

फोनमधल्या बाईनं तुझं पत्र लाइटच्या बिलासारखं वाचलं. दोनदा वाचायला लावलं.

येणार नाही. सांगणारही नाही. रोज नमाजात तुझं नाव घेते. तीन प्रकरणांचा विचार करू नकोस, जळो ती कादंबरी. शुद्धीवर आलीस की एक शब्द टाईप कर, नुसतं "आपा" टाईप केलंस तरी पुरे.

आपा


शहागंज
१५ सप्टेंबर २०२५

माझी प्रेरणा,

ऑगस्टमध्ये तुझा "आपा" आला, मग "ठीक आहे" आला, मग काहीच नाही. तुला त्रास नको म्हणून मी लिहिलं नाही. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

काल बैठक होती. जावेद आल्या आल्या म्हणाला, "शेवटची तीन प्रकरणं आलीत." मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं स्पीकर लावला आणि तुझा आवाज आला. साफ. घोगरेपणा नाही, दम लागत नाही, पहिल्या वर्षी वाचायचीस तसा. "प्रकरण दहावं."

म्हातारा दार उघडत नाही. मुलगी बाहेरून "बाबा" म्हणते आणि तो आतून म्हणतो, "आजचा खेळ संपला." त्या "बाबा"ला तर तू रडलीसच. पुंजारामभाऊ हुंदके देत होते. त्यांची बायको गेल्यापासून त्या घरात बाईमाणसाचा आवाज म्हणजे तुझी पुस्तकं, हे मला कालच कळलं. म्हणाले, "लई दिसांनी घरातलं मानूस आल्यावानी वाटलं."

म्हणजे तू ऑपरेशनच्या आधीच वाचून ठेवलं होतंस. खोकला येत असताना. आणि मला सांगितलं नाहीस, जावेदला दिलंस. मी रागावलेली नाही. जाता जाता एवढं दिलंस आम्हाला. बाकीच्यांना वाटतंय तू बरी झालीस. मी गप्प राहिले, तू सांगितलंस तसं.

तुझी,
आपा


लासूर स्टेशन
१८ सप्टेंबर २०२५

आपा,

ती तीन प्रकरणं मी वाचलेली नाहीत.

मी जावेदला काहीही दिलेलं नाही. अर्ध्या पानाचं रेकॉर्डिंग होतं, ते मी तेव्हाच पुसलं.

तुमचं पत्र वाचून मी अभयना सांगून जावेदकडून ती फाइल मागवली, कारण काही न सांगता. दुपारी पुढच्या खोलीत बसून लावली. आपा, ती मीच आहे. "तंबू"तला "बू" मी थोडा लांबवते, शाळेतली मुलं त्यावरून हसायची. तोसुद्धा तसाच. सासूबाई आत कणीक मळत होत्या. त्या पिठाच्या हातानं धावत बाहेर आल्या. "प्रेरणा, बोललीस का गं? बोललीस का?" मी स्पीकरकडं बोट दाखवलं. त्यांना समजायला वेळ लागला. मग त्या तिथंच खाली बसल्या आणि मला माझाच आवाज बंद करावा लागला.

नंतर लक्ष देऊन ऐकलं. ती बाई श्वास घेत नाही. पानभर वाचते आणि कुठंही श्वास घेत नाही. आणि "बाबा"ला मी कधीच रडले नसते. लेखकानं तिथं रडू ठेवलेलंच नाही. ती मुलगी नुसती हाक मारते, भाजीवाल्याला मारावी तशी. रडायचं ते ऐकणाऱ्यानं.

तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही?

हे कुणी केलं ते विचारा. मला विचार करायला वेळ द्या. तोवर माझं दुखणं सांगू नका.

प्रेरणा


शहागंज
२५ सप्टेंबर २०२५

प्रेरणा,

जावेदला घरी बोलावलं. चहा ठेवला आणि सरळ विचारलं. तो लपवाछपवी करणारा नाही, लगेच सांगितलं. वाचनालयातल्या एकाकडून पुस्तकाची पानं स्कॅन करून घेतली. तुझी इतक्या वर्षांची वाचनं कॉम्प्युटरला ऐकवली, आणि मग कॉम्प्युटरनं तुझ्या आवाजात ती पानं वाचली. तो बँकेत काम करतो ते स्क्रीन वाचणाऱ्या यंत्रावरच, ही विद्या म्हणजे त्याच्या हातचा मळ.

मी म्हटलं, "विचारायचं नाही का तिला?"

"विचारणार होतो, आपा. मॅडम फोन घेत नव्हत्या. वाटलं कंटाळल्या आपल्याला. म्हटलं, त्यांच्यावर भार नको, पुस्तक पण पुरं होईल. मैं चोरी नै करा, आपा."

मग मला सांगावंच लागलं. तुला दिलेलं वचन मोडलं, माफ कर. ऑपरेशन, गळा, सगळं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्हाला जुलैपासून माहीत होतं? आणि आम्हाला सांगितलं नाही? कुणी एक शब्द बोललं असतं तर मी हे केलं असतं का?"

जाताना दारात थांबून म्हणाला, "एक गोष्ट मात्र सांगतो, आपा. डोळसांसाठी महिन्याला कितीक कादंबऱ्या येतात. आपल्याला वर्षाला बारा. त्या पण एका बाईच्या गळ्यावर. आपण त्यांच्याकडून जास्तच घेतलं. म्हणून मशीन बरं, त्याला गळा नसतो." वाईट हेतूनं बोलला नाही, तरी मला झोंबलं.

नवं काही करणार नाही असं त्यानं कबूल केलंय. आहे ते मिटवायचं की ठेवायचं, तू सांगशील तसं. पण बाकीच्यांना अजून माहीत नाही, आणि ऑक्टोबरला त्यांना शेवटचं प्रकरण पुन्हा ऐकून त्यावर बोलायचंय. मी काय कारण सांगून थांबवू?

तू विचारलंस, लक्षात आलं नाही का? नाही आलं. मला "प्रकरण नववं"मधली खरखर ऐकू आली, आणि श्वास नसलेली बाई ऐकू आली नाही. तूच असावीस असं मला फार वाटत होतं.

आपा


लासूर स्टेशन
१४ ऑक्टोबर २०२५

आपा,

परवा मी त्या खोलीत होते.

शनिवारी तपासणीला आलो होतो, रात्री अभयच्या बहिणीकडं राहिलो. रविवारी मी अभयना लिहून दाखवलं, मला वाचनालयात सोडा. ते नाही म्हणाले, मग सोडलं आणि खाली गाडीतच बसून राहिले. मी जिना चढून आले. माझ्या मनात होतं, सरळ तुमच्याजवळ जायचं आणि तुमचा हात हातात घ्यायचा. मग तुम्हीच सगळ्यांना सांगाल, ही प्रेरणा आली आहे.

मी दार ढकललं. पुंजारामभाऊंनी मान वळवली. "कोन आलं?"

मी तोंड उघडलं, आपा. सवयीनं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. पुंजारामभाऊ म्हणाले, "वाऱ्यानं दार हाललं आसंल."

त्यानंतर माझे पाय पुढं गेले नाहीत. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. खोलीभर माणसं, ज्यांना मी वर्षानुवर्षं वाचून दाखवलं, आणि कुणाला माहीत नाही की मी आहे. मग जावेदनं स्पीकर लावला. लावताना कचरत होता, ते मी पाहिलं. पण पुंजारामभाऊ सोडेनात.

माझा आवाज खोलीत आला. मी तिथं गप्प बसलेली आणि माझा आवाज बोलतोय. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. तुमचाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. ती मी नाही हे माहीत होतं. तरी तुमचे ओठ हलत होते, मान डोलत होती, आणि "बाबा" आलं तेव्हा तुम्ही हसलात. समाधानानं. त्या आवाजाबरोबर तुम्हाला माझी गरज नव्हती असं दिसत होतं.

चहा आला त्या गडबडीत मी निघाले. अभयनी गाडीत विचारलं, "काय झालं?" मी लिहिलं, काही नाही.

मग मी विचार करते, ते तसंच चालू द्यावं. पुंजारामभाऊंच्या घरात तेवढंच माणूस आहे तर राहू द्यावं. जावेदला पुढची पुस्तकं करू द्यावीत. मी नसले तरी चालतंय, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

प्रेरणा


शहागंज
१७ ऑक्टोबर २०२५

प्रेरणा,

तुझं पत्र मी तीन दिवस उत्तराविना ठेवलं. राग उतरेल म्हणून. उतरला नाही.

गोवरात डोळे गेले तेव्हा मी दुसरीत होते. तेव्हापासून मी अशा खोल्यांत बसत आलेय जिथं कुणीतरी न बोलता मला बघत असतं. बसमध्ये, लग्नात, बँकेत. माणूस आहे की नाही ते कळत नाही, आणि तो मात्र माझं तोंड वाचत असतो. लग्नासाठी पाहुणे बघायला यायचे, तेव्हा एकदा एक बाई अशीच कोपऱ्यात बसून माझं जेवण बघत होती. घास खाली पडला तेव्हा ती हसली, म्हणून ती आहे हे मला कळलं.

ती एकच खोली अशी होती जिथं मी तोंड सांभाळून बसत नव्हते. तिथं तू आलीस, खिडकीशी बसलीस, आणि माझा चेहरा बघून मनाशी निकाल लावून निघून गेलीस. बोलता येत नव्हतं, कबूल. पाय होते. हात होते. माझ्या खांद्यावर ठेवायचा होतास.

मी का हसले ते ऐक. अम्मी गेली तेव्हा तिचा दुपट्टा मी कितीतरी दिवस धुवू दिला नाही. त्यात तोंड घालून बसायची. ती अम्मी नाही हे मला माहीत नव्हतं का? तुझ्यासारखं काहीतरी कानावर पडलं आणि मला तू पहिल्यांदा पेरूच्या फोडी घेऊन आली होतीस ती दुपार आठवली. त्याचं हसू होतं ते. ते तुझंच होतं, त्या मशीनचं नव्हतं. चेहऱ्यावरून एवढं कळत नाही, प्रेरणा. तुम्हा डोळसांना वाटतं कळतं.

"तसंच चालू द्यावं" हे रुसून लिहिलं आहेस. रुसून दिलेली परवानगी मला नको. शांतपणानं ठरव आणि मग लिही. हो म्हण किंवा नाही म्हण. मी दोन्ही ऐकेन.

आपा


लासूर स्टेशन
३० नोव्हेंबर २०२५

आपा, नमस्कार.

तुमचं पत्र बरेच दिवस उघडं ठेवून बसले. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे. मी तुम्हाला न सांगता बघितलं, आणि बघून चुकीचं वाचलं. हात ठेवायला हवा होता. माफी मागते.

इकडचं सांगते. रेडिएशन झालं. तोंडाची चव गेलीय, भाकरी आणि कागद सारखेच लागतात. यंत्र आणलं, ते गळ्याला लावलं की कीर्तनातल्या बिघडलेल्या माईकसारखं वाजतं. शेजारचं पोर घाबरून पळालं. मी ते डब्यात घालून ठेवलंय. जानेवारीत परत स्कॅन आहे. डॉक्टर काही बोलत नाहीत, आणि मी विचारू शकत नाही. अभय विचारत नाहीत.

घरात फार शांतता झाली होती. अभय आडतीवरून यायचे, जेवायचे, टीव्हीचा आवाजही लहान करून बसायचे. मग एका दुपारी त्यांनी टॉकीजची कादंबरी उचलली. "कुठवर आली होतीस?" मी पान काढून दिलं. ते वाचायला लागले. आपा, तो माणूस आयुष्यभर कांद्याचे लिलाव बोललाय. त्यांना वाटतं प्रत्येक वाक्याला बोली लागायची आहे. पण वाचत राहिले. "बाबा"पाशी आले तेव्हा थांबले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "ह्यासाठी थांबली होतीस व्हय?" मी मान हलवली. पुस्तक पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "पुढचं वाचू?"

तर मी ठरवलंय. शांतपणानं ठरवलंय.

माझा आवाज मिटवायला सांगा. तो वाईट आहे म्हणून नाही. मी अजून आहे, आणि मी जे वाचलं नाही ते मी वाचलं असं कुणाला वाटायला नको. जुनी पुस्तकं राहू द्यात, ती माझी आहेत. जावेदला म्हणावं, मशीन वापरा, पण मशीनच्या आवाजात. त्याचं पुस्तकांचं म्हणणं बरोबर आहे. एका गळ्यावर एवढं सगळं नको होतं. पण गळा दिला तो मी माझ्या खुशीनं, त्याचं ओझं कुणी घेऊ नका. आणि सगळ्यांना सगळं सांगा.

सोबत तीन प्रकरणं पाठवतेय. अभयनी वाचलीत. मी शेजारी बसले होते. हसलात तरी चालेल, या वेळी मी खोलीत नसेन.

तुमची,
प्रेरणा


शहागंज
१५ डिसेंबर २०२५

प्रिय प्रेरणा,

काल सांगितलं. आधी तुझं दुखणं, मग मशीनचं. मग जावेद उठला आणि म्हणाला, "हे मी केलं. मॅडमना विचारलं नाही. चूक झाली." सगळ्यांदेखत त्यानं त्याच्याकडचं मिटवलं. मिटवलं असं तो म्हणतो आणि मी ते मानते. मला दिसत नाही, पण इतक्या वर्षांत तो माझ्याशी खोटं बोललेला नाही.

पुंजारामभाऊंनी मात्र नाही मिटवलं. फोन घट्ट धरून बसले. म्हणाले, "बाई खरी का खोटी, मला काय करायचंय. माझ्या घरात ती बोलती." मी समजावलं. "आता त्ये माझं हाय," म्हणाले आणि काठी घेऊन उठले. चहाला थांबले नाहीत. जावेद त्यांना स्टँडवर सोडायला मागं धावला, तर त्याचा हात झिडकारला म्हणे. पुढच्या महिन्यात ते येतील की नाही सांगता येत नाही. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेऊ शकले नाही, प्रेरणा. तूही नसता घेतलास असं वाटतं.

मग उरलेल्या मंडळींनी अभयभाऊंची तीन प्रकरणं ऐकली.

खरं सांगू? लई वाईट वाचतात. मुलगी, म्हातारा, तंबूचं वर्णन, सगळं मोंढ्यात लिलावाला उभं राहिल्यासारखं. एके ठिकाणी तर वाचता वाचता "थांब, चष्मा" म्हणाले, तेही आलंय. पहिली दोन प्रकरणं आम्ही तोंडावर हात धरून ऐकली. मग "बाबा" आलं. ते भाजीवाल्याला हाक मारावी तसं आलं, तू म्हणाली होतीस तसं. त्यानंतर कुणी हसलं नाही.

आणि आणखी एक. अभयभाऊंना वाक्य कुठं संपतं ते कळत नाही, पुढच्यात घुसतात. पण प्रत्येक वेळी घुसायच्या आत एक बारीक टिचकी वाजते, लाकडावर बोट मारल्यासारखी, आणि ते थांबतात. स्वल्पविरामाला हलकी, पूर्णविरामाला जरा जोरात. शेवटच्या पानावर, म्हातारा "आजचा खेळ संपला" म्हणतो तिथं, ती टिचकी उशिरा येते. इतकी उशिरा की मला वाटलं आता येतच नाही. मग आली.

जावेदनं विचारलं, "आपा, रेकॉर्डिंगमध्ये टकटक येतेय. साफ करून देऊ?"

मी म्हटलं, "हात लावू नको. वाचणारी ती आहे."

जानेवारीच्या स्कॅनला मी सोबत येणार आहे. अभयभाऊंना विचारत नाहीये, कळवतेय. आणि स्कॅननंतरच्या पहिल्या बैठकीला ये. आत आलीस की दारावर एकदा बोट वाजव. आम्ही खुर्ची देऊ.

तुझी,
अनवरीआपा